जि. प. हायस्कूलचा पट घसरलाय आणि वर्गणीचे तीन लाख हातात आहेत: आधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातलं आठवडी बाजाराचं गाव, जिल्हा परिषदेचं पाचवी ते बारावीचं हायस्कूल, सहा एकर आवार. पंधरा वर्षांपूर्वी पट साडेसहाशेच्या वर होता, आता 238 आहे. माजी विद्यार्थ्यांनी तीन लाख रुपये जमवले. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्यांना प्रवेशद्वार आणि रंगरंगोटी हवी, बाकीच्यांना डिजिटल बोर्ड. कशाने पट वाढेल?

माझ्या मते दोन्हींनी नाही. तुमची समिती या शाळेकडे आपल्या गावची शाळा म्हणून बघते आहे, पण पटाचं गणित आजूबाजूच्या आठ-दहा गावांत ठरतं. ही हायस्कुलं निघाली तेव्हा एका तालुक्यात माध्यमिक शाळा बोटावर मोजण्याइतक्या होत्या. म्हणून तर एवढं आवार, एवढ्या खोल्या. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या किंवा त्यांनी नव्या काढल्या, पण हिशोब पंचक्रोशीचाच राहिला. पंचक्रोशीतला बाप मुलाचं नाव कुठे टाकायचं हे मार्च ते मे या तीन महिन्यांत ठरवतो. त्याच्या दारात कॉन्व्हेंटची व्हॅन येते, संस्थेच्या अनुदानित शाळेतले सर येतात, आणि तुमच्या शाळेतून कोणीच येत नाही. तुमचं प्रवेशद्वार त्याच्या नजरेसही पडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधी सांगतो. तालुक्याचं ठिकाण सहा-सात किलोमीटरवर असेल तर लढाई वेगळी, पंचवीसवर असेल तर वेगळी. गावात अनुदानित शाळाही असेल तर तिथल्या शिक्षकाची नोकरी पटावर टिकून असते, म्हणून तो एप्रिलच्या उन्हात घरोघरी फिरतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते, त्याला तेवढी निकड नसते. यात कोणाला दोष देण्यासारखं नाही, पण ती फिरण्याची जागा समितीने भरायला हवी. मेळघाट, गडचिरोलीकडे आश्रमशाळा हा आणखी एक घटक असतो, यवतमाळच्या आदिवासी भागातही तो आहे, तुमच्या पंचक्रोशीत आहे का ते बघा. आणि खेड्यांत मुलंच कमी झाली आहेत, त्यामुळे साडेसहाशे परत येणार नाहीत. प्रत्येक वर्गाची एक भक्कम तुकडी आणि आठवी ते दहावीच्या शक्य झाल्यास दोन, एवढं लक्ष्य धरा.

पहिलं काम बिनपैशाचं आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने दाखल-खारीज रजिस्टर घ्या आणि मागच्या तीन वर्षांचे प्रवेश गावनिहाय मांडा. प्रत्येक नोंदीत आधीची शाळा असते. मग केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या जि. प. शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) त्याच गावांच्या जि. प. शाळांतून किती मुलं शेवटचा वर्ग करून बाहेर पडली तो आकडा घ्या. गावाचं नाव, बाहेर पडलेली मुलं, तुमच्याकडे आलेली, दुसरीकडे गेलेली आणि कुठे गेली, असे रकाने पुरतात. समजा एका गावातून 22 निघाली आणि 17 तुमच्याकडे आली, तर तिथे हात लावू नका. दुसऱ्या गावातून 19 निघाली आणि 4 आली, तर तुमचं काम तिथे आहे. बहुतेक शाळांत गळती दोन-तीन गावांतच साचलेली दिसते. मुलांची नावं मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आकडे पुरे.

एक खाच इथेच लक्षात येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या रचनेमुळे काही गावांतल्या चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडली गेली, सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी. म्हणजे जी मुलं पूर्वी पाचवीला किंवा आठवीला तुमच्याकडे यायची ती आता सहावीला किंवा थेट नववीला येतात. अशा गावाला पाचवीच्या प्रवेशाचं पत्रक देऊन काही उपयोग नाही. त्या शाळेत कोणता वर्ग शेवटचा आहे ते बघून त्याच वर्गाच्या पालकांना गाठा, तेही परीक्षेआधी. निकालाच्या दिवशी दाखला हातात पडतो तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो.

गळतीच्या गावात गेल्यावर विचारायचं काय? "आमच्या शाळेत का नाही टाकलं?" असं विचारलं की लोक सभ्यपणे इंग्रजीचं नाव सांगतात. त्यापेक्षा विचारा: सकाळी गाडी किती वाजता येते, संध्याकाळी मुलगी घरी किती वाजता पोचते, पावसात नाला किती दिवस बंद असतो, थोरलं भावंड कुठे जातं. उत्तरं बहुतेक गाडीवर येऊन थांबतात.

गाडीचं जरा तपशिलात सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथेच होते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना तिकिटाचा एक तृतीयांश पडतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले 125 तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्याला मुलींसाठी सात निळ्या बस आहेत. तुमचा तालुका त्यात आहे का ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात कळेल. त्याच कार्यक्रमात पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. म्हणजे योजना आहेत, अडतं ते वेळेवर. बस 11.20 ला पोचते आणि शाळा 10.30 ला भरते, तर पहिल्या दोन तासिका रोज बुडतात, आणि त्या बहुतेक गणिताच्या किंवा इंग्रजीच्या असतात. आगाराचं वेळापत्रक एका शाळेसाठी क्वचितच बदलतं, कारण ती गाडी पुढे आणखी चार गावं करते. आधी शाळेची वेळ वीस-पंचवीस मिनिटं सरकवता येते का बघा, आणि निदान पहिल्या तासिकेला अवघड विषय ठेवू नका. तरीही आगार व्यवस्थापकांकडे जायचं असेल तर नुसतं निवेदन नेऊ नका. थांब्यानुसार पासधारकांची संख्या, हवी ती वेळ, समितीचा ठराव आणि त्या गावांच्या ग्रामपंचायतींची पत्रं जोडा. "भरपूर मुलं आहेत" याला उत्तर मिळत नाही. "या थांब्यावर 14, त्या थांब्यावर 9" याला मिळतं.

आणि विदर्भाची खास अडचण: सकाळची शाळा. उन्हामुळे मार्चपासून शाळा सकाळी भरते, गाडी मात्र दुपारच्याच वेळेवर धावत राहते. बाहेरगावच्या मुली मार्च-एप्रिलमध्ये गैरहजर दिसतात त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. उन्हाळी वेळेच्या गाडीचा अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आगारात पोचला पाहिजे. गाडी मिळाली नाही तर त्या दीड महिन्यापुरता एक ऑटो किंवा काळीपिवळी ठरवा. वर्गणीचे पैसे इथे शोभतात.

आता शिक्षक. मुख्याध्यापकांकडून संचमान्यतेची (पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर आहेत ते ठरवणारा सरकारी तक्ता) प्रत मागा आणि मंजूर, कार्यरत, रिक्त हे तीन रकाने विषयानुसार वाचा. नुसतं "तीन पदं रिक्त" याला अर्थ नाही. चित्रकलेचं पद रिक्त असणं आणि नववी-दहावीचं गणित-विज्ञानाचं रिक्त असणं यात पालकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायम शिक्षक पवित्र पोर्टलवरून (राज्याची ऑनलाइन शिक्षक भरती) किंवा बदलीने येतो, त्यात समितीच्या हाती पाठपुरावा एवढंच आहे: ठराव करून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दोघांना पाठवा, आवक क्रमांक घ्या, महिन्याने पुन्हा जा.

मंजूर पदंच कमी होऊ नयेत हे मात्र तुमच्या हातात आहे. संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि आधार वैध झालेलीच मुलं मोजली जातात. नावातलं एक अक्षर, जन्मतारखेतला एक आकडा जुळला नाही की मूल वर्गात रोज बसूनही हिशोबात येत नाही. रजिस्टरमध्ये आडनाव एक, आधारवर दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. रजिस्टर दुरुस्त करायचं की आधार, हे जन्मदाखला बघून ठरवा. जन्मदाखला रजिस्टरशी जुळत असेल तर आधार दुरुस्त होतं आणि रजिस्टरला हात लावावा लागत नाही. रजिस्टरमधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने होते आणि महिने जातात. म्हणून जुलैमध्ये शाळेतच आधार शिबिर लावून घ्या. सप्टेंबरमध्ये केंद्रावर रांग असते आणि सोयाबीनची सोंगणी तोंडावर असल्याने पालकही सापडत नाहीत.

तुमचा पट 238 आहे म्हणून आणखी एक आकडा. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या किरकोळ खर्चासाठीचं वार्षिक अनुदान) पटाच्या टप्प्यांवर ठरलेलं आहे: 101 ते 250 पर्यंत वर्षाला 50,000 रुपये आणि 251 ते 1,000 पर्यंत 75,000. तुम्ही तेरा मुलांनी खालच्या टप्प्यात आहात.

शिक्षक येईपर्यंत काय? गावातला किंवा शेजारचा बी.एस्सी. बी.एड. झालेला मुलगा किंवा मुलगी मानधनावर घेता येते. गणित-विज्ञानाला एक, इंग्रजीला एक, महिना सात-सात हजार धरले तर जुलै ते एप्रिल दहा महिन्यांचे 1,40,000 होतात. चार अटी पाळा. मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. पत्रात "तात्पुरतं, लोकवर्गणीतून, सेवेचा कोणताही हक्क नाही" असं स्पष्ट असावं. वर्गात पाऊल ठेवण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झालेली असावी. आणि पुढच्या वर्षीचे पैसे कुठून येणार हे आत्ताच ठरलेलं असावं. चौथी अट बहुतेक जण विसरतात. एक वर्ष शिकवून दुसऱ्या वर्षी वर्ग मोकळा पडला की ज्या पालकाने तुमच्यावर भरवसा ठेवला तोच सगळ्यात मोठ्याने बोलतो, आणि त्याचं बरोबर असतं.

"कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी आहे" याला तुमचं उत्तर सेमी इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. पण शिकवणारा नसताना सेमीचा फलक लावू नका, आणि नववीपासून तर अजिबात सुरू करू नका. खालच्या वर्गापासून चढवत न्या. आठवीत बाहेरून आलेल्या मुलांसाठी पहिले तीन आठवडे फक्त शब्दांचे ठेवा: अपूर्णांक, छेद, घातांक, त्वरण, आम्लारी या धर्तीचे दीड-दोनशे शब्द मराठी आणि इंग्रजी शेजारी-शेजारी. हे न केल्यास मूल गणितात अडत नाही, प्रश्न वाचण्यातच अडतं, आणि पहिल्या घटक चाचणीनंतर बाप दाखला काढायला येतो.

पालकाला सांगण्यासारखी एक गोष्ट तुमच्याकडे आहे जी विनाअनुदानित कॉन्व्हेंटकडे नाही: आठवीची एनएमएमएस परीक्षा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. ती फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी दीड तास. मुलं मार खातात ती बौद्धिकच्या पेपरात, कारण तो वर्गात कोणी शिकवत नाही. जुलैपासून आठवड्यात दोन तासिका त्याला द्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि बँक खातं ऑगस्टमध्येच तयार ठेवा. निवड होऊनही आधार आणि खातं न जुळल्याने पैसे अडकलेली मुलं थोडी नाहीत. चार मुलं लागली की त्यांची नावं गळतीच्या गावाच्या चावडीवर लावा. माझ्या हिशोबाने हीच तुमची सगळ्यात स्वस्त जाहिरात.

हंगामाची गैरहजेरी थांबवता येत नाही, ती धरून चालावं. तुमच्याकडे सोयाबीन आणि मग दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी, वैनगंगेकडे जुलै-ऑगस्टमध्येच धानाची रोवणी. वावरात जाणाऱ्या बहुतेक मुली असतात. त्या काळात नवा धडा संपवण्याची घाई करू नका, आणि वेचणी आटोपली की त्यांची वेगळी उजळणी ठेवा. रागावून फायदा नाही. मजुरीचे पैसे त्या घरात लागतात.

इथवरचं आवरतं घेतो: गावनिहाय तक्ता, गाडीची वेळ, आधार, गणित आणि इंग्रजीचा शिक्षक, आठवीची शिष्यवृत्ती. यानंतर उरेल त्या पैशाचा विचार करू.

पैशाला माझा साधा नियम: ज्याला सरकारी हेड (ठरलेला सरकारी निधी) आहे त्यावर वर्गणी घालू नका, ज्याला कुठलंच हेड नाही तिथे घाला. स्वच्छतागृह घ्या. 40 मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या हे प्रमाण धरतात. 120 मुली असतील तर तीन आणि नऊ. हे बांधकाम ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून होऊ शकतं, तो निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. आराखड्यात काम बसवायचं असेल तर ग्रामसभेत मागणी करा. पण रोज झाडणाऱ्या-धुणाऱ्या माणसाला कोणी पैसे देत नाही. संयुक्त अनुदानातले दहा टक्के स्वच्छतेसाठी असतात, म्हणजे तुमचे वर्षाचे पाच हजार. त्यामुळे नवं स्वच्छतागृह पहिल्या दिवाळीपर्यंत कुलूपबंद होतं, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि महिन्याचे चार दिवस घरी बसतात. महिना अडीच हजारांवर सफाईचा माणूस लावा: दहा महिन्यांचे 25,000. पाण्याचं गणितही करा. दिवसाच्या शाळेला माणशी 45 लिटर धरतात, म्हणजे 238 मुलांना रोज 10,700 लिटर. तेवढं मिळणं कठीण, पण हजार लिटरच्या एकाच टाकीवर भागत नाही हे कळण्यापुरता आकडा उपयोगी आहे.

डिजिटल बोर्ड वाईट नाही, फक्त त्याआधी वीजबिल बघा. थकबाकीने जोडणी तुटलेली शाळा आणि आत पन्नास-साठ हजारांचा काळा पडदा, हे दृश्य आपल्याकडे नवं नाही. बिलावर वर्गवारी "सार्वजनिक सेवा – शासकीय" आहे का ते तपासा. चुकून व्यावसायिक दर लागला असेल तर महावितरणकडे अर्ज करून बदलून घ्या. एका खोलीची वायरिंग, अर्थिंग आणि इन्व्हर्टर झाल्याशिवाय पडदा विकत घेऊ नका.

प्रवेशद्वाराबद्दल. इमारत आणि जागा जिल्हा परिषदेची, त्यामुळे बांधकाम उपविभागाची तांत्रिक मान्यता लागतेच. त्याआधी सातबारा काढा. जमीन कोणीतरी पाटलांनी तोंडी किंवा दानपत्राने दिली आणि फेरफार झालाच नाही, असं खूप ठिकाणी निघतं. मग नातवंडं वाटणीच्या वेळी येतात. आवाराची मोजणी भूमी अभिलेखकडून करून हद्दीच्या खुणा रोवा, कारण बाजाराच्या गावात शाळेचा कोपरा दरवर्षी हातभर आत सरकतो. वाचणाऱ्यांपैकी कोणी नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांतले असतील तर सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" आहे का तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात ती वनजमीनच मानली आहे, तिथे वनखात्याकडे विचारल्याशिवाय एक वीटही रचू नका. काळ्या मातीत पाया खोल न घेता उभी केलेली कमान दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, हे वेगळंच.

शाळा गावाची राहावी असं वाटत असेल तर मैदानाकडे लक्ष द्या. पहाटे पाचला तिथे पोलीस भरतीची पोरं धावत असतात. मुलांना 1,600 मीटर, मुलींना 800. त्यांना 200 मीटरची मोजलेली धावपट्टी आखून द्या. दोन्ही टोकांना 17.80 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, मधे 43.45 मीटरच्या दोन सरळ बाजू. धाव आतल्या रेघेच्या 20 सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणून त्रिज्या 18 नाही. सुमारे 85 बाय 42 मीटर जागा लागते, एकराच्या आत. काळ्या मातीवर मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून टाका. एकदम फूटभर ओतला तर पहिल्याच पावसात खचतो. यातल्या मोठ्या पोरांकडून बदल्यात काम मागा: सुटीच्या दिवशी आवारावर नजर, आणि दहावीच्या वर्गाला संध्याकाळी तासभर गणित. लग्नाला मैदान द्यायचं तर अनामत घ्या, फटाके आणि काचेच्या बाटल्यांवर बंदी घाला, आणि वर्ग उघडून देऊ नका. शाळा दहावीचं परीक्षा केंद्र असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नाला पूर्ण नाही म्हणा. केंद्र गेलं तर पंचक्रोशीतली मुलं पेपरला दुसऱ्या गावी जातील, आणि पुढच्या वर्षी शाळेलाही तिथेच.

अकरावीचं एक विसरू नका: 2025-26 पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत. दहावीच्या निकालानंतर शाळेत मोफत अर्ज भरून देणारं टेबल लावा, नाहीतर मुलं बाजारातल्या नेट कॅफेत जातात आणि पसंतीक्रम तिथला माणूस टाकतो.

तीन लाखांचं माझं वाटप असं होईल: मानधन 1,40,000, सफाई 25,000, उन्हाळी वेळेची गाडी 30,000, एनएमएमएसची पुस्तकं आणि सराव पेपर 15,000, एका खोलीची वायरिंग आणि इन्व्हर्टर 40,000, आणि 50,000 पुढच्या वर्षासाठी राखून. तुमच्याकडचे भाव बघून आकडे हलवा. पैसे समितीच्या खात्यात, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोन सह्यांनी. क्रमांक छापलेलं पावती पुस्तक. आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च शाळेच्या दर्शनी फळ्यावर. माजी विद्यार्थ्यांना नाव कोरलेली कमान न मिळाल्याचं वाईट वाटेल. त्यांना गावनिहाय तक्ता दाखवा, आणि प्रत्येकाला गळतीचं एकेक गाव वाटून द्या, मार्च संपायच्या आत.